मासे मेल्यावर तिसऱ्या दिवशी भरलेली बाटली काय सांगणार? कृष्णाकाठच्या झटपट चाचण्यांबद्दल

पेवगल्ली (हरिपूर)

गाळप हंगाम उतरणीला लागला, नदी आटली, किंवा वळवाचा पहिला दणका बसला की कुठल्या ना कुठल्या घाटावर मासे तरंगतात. फोटो फिरतात, निवेदनं दिली जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन पाण्याची बाटली भरून नेतं. तोवर ज्या पाण्यानं मासे मारले ते पुढच्या गावाच्या हद्दीत गेलेलं असतं. अहवालात मग फारसं काही सापडत नाही. नमुना खोटा नसतो, प्रयोगशाळाही चुकत नाही. बाटली भरायची वेळ टळलेली असते, एवढंच.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची, पाणी तपासणं हे रोजचं काम. माझं स्पष्ट मत आहे की कराडपासून हरिपूरपर्यंत काठावरच्या प्रत्येक गावात दोन-चार माणसांना झटपट चाचण्या करता आल्या पाहिजेत, आणि त्या मासे मेल्यावर नव्हे, एरवीही ठरलेल्या दिवशी केल्या पाहिजेत. त्यासाठी हा धागा.

आधी थोडं शास्त्र. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांना तीन दिवस चालते. सीओडी म्हणजे तीच ऑक्सिजनची भूक, पण रसायनानं मोजलेली. त्यासाठी पाणी डायक्रोमेट आणि आम्लाबरोबर दोन तास उकळावं लागतं. ही दोन्ही कामं काठावर होत नाहीत. काठावर होतं ते तापमान, पीएच, वाहकता, म्हणजे क्षारांमुळे पाण्यातून वीज किती सहज जाते ते (विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर आतून तीच मोजतो), अमोनिया आणि विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ. अर्ध्या तासाचं काम आहे.

यात डीओला मी सगळ्यात वर ठेवते. २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात तो लिटरला ९ मिलीग्रामच्या आसपास मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणजे एप्रिलमध्ये नदीची शिल्लक मुळातच कमी असते. आंघोळीच्या पाण्यासाठीचा आपला निकष किमान ५ आहे. दोन-तीनच्या खाली गेलं की रोहू-कटला वर येऊन तोंड उघडायला लागतात.

मीटर महाग असतो, पण विंक्लरची पद्धत १८८८ पासून वापरात आहे आणि आजही तितकीच भरवशाची आहे. बूच घट्ट बसणाऱ्या काचेच्या बाटलीत बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइडचं द्रावण सोडायचं. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळजवळ संपलेला आहे. नेमका आकडा नंतर आम्ल घालून, थायोसल्फेट थेंबथेंब मोजून घालत (टायट्रेशन करून) काढता येतो, पण पांढरा साका तिथल्या तिथे सगळ्यांना दिसतो. आम्ल सल्फ्युरिक असतं, तेव्हा ते काम शिकलेल्या माणसानंच करायचं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय नाही.

कुणी आधीपासून काही करत असेल तर लिहा.

ऊसवाला (वाळवा तालुका)

ताई, चाचणी कशाला पाहिजे? पाणी तांबडं-काळं झालं, उग्र वास आला, की मळीचं पाणी सोडलं हे पोरसुद्धा सांगतंय. आमच्या गावात मागं असंच झालं. रात्री वास आला, सकाळी मासं. माणसं पोती भरून घेऊन गेली खायला. अडवायला गेलो तर ऐकत न्हाईत. कुणी सोडलं ते सगळ्यांना ठावं हाय, पण कागदावर कायबी आलं न्हाई.

पेवगल्ली (हरिपूर)

दादा, "कागदावर काही आलं नाही" हेच तर माझं दुखणं आहे. तुमचं नाक खरं सांगतं, पण नाकाची नोंद राहत नाही. त्या रात्री वास आल्याबरोबर तुमच्या घाटावर आणि त्याच्या वरच्या गावात कुणी पीएच आणि डीओ लिहून ठेवला असता, तर ते पाणी कुठल्या दोन गावांच्या मध्ये शिरलं एवढं तरी हातात राहिलं असतं.

आणि एक कळकळीची विनंती, ते मासे खाऊ देऊ नका. ऑक्सिजन संपून मेले की विषानं, हे त्या वेळी कुणालाच माहीत नसतं.

ईटीपी_शिफ्ट

मी साखर कारखाना आणि डिस्टिलरी दोन्हीकडच्या सांडपाणी प्रक्रिया विभागात नोकरी केली आहे. आमची बाजूही ऐका, कारण त्यातूनच काय मोजायचं ते कळेल.

डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशला, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या पाण्याला, नदीत जायची परवानगीच नाही. तो आटवून बॉयलरमध्ये जाळायचा किंवा प्रेसमडवर (उसाच्या रसातून निघालेल्या गाळावर) टाकून कंपोस्ट करायचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१४ मध्ये साखर आणि डिस्टिलरीसह १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजणी यंत्रं बसवायला सांगितली. ती यंत्रं बसलीही. पण सेन्सर नळाच्या तोंडाशी बसतो. नळ सोडून दुसऱ्या वाटेनं, टँकरनं किंवा फुटलेल्या तळ्यातून काही गेलं तर त्याला ते दिसत नाही.

एक हिशेब मांडतो. कच्च्या स्पेंटवॉशचा बीओडी लिटरला ४०,००० मिलीग्राम धरा. १०,००० लिटरचा एक टँकर म्हणजे ४०० किलो ऑक्सिजनची भूक. लिटरला ८ मिलीग्राम ऑक्सिजन असलेलं ५ कोटी लिटर पाणी त्यानं ऑक्सिजनविना होतं. हवेतून पाण्यात नवा ऑक्सिजन मिसळत राहतो म्हणून प्रत्यक्षात इतकं होत नाही, पण बंधाऱ्यामागं तुंबलेल्या पाण्यात तो फार हळू मिसळतो. म्हणून उन्हाळ्यात एक टँकरही पुरतो.

कच्चा स्पेंटवॉश आम्ल असतो, पीएच चारच्या आसपास, आणि त्यात क्षार भरपूर. म्हणून पीएच खाली, वाहकता वर आणि तपकिरी रंग हे तिन्ही एकत्र दिसलं तर संशयाला जागा आहे. पण तपकिरी पाण्यात रंगावर चालणाऱ्या पट्ट्या आणि किट साफ फसतात. अमोनियासारख्या चाचणीला नमुना डिस्टिल्ड पाण्यानं पातळ करून वाचायचा आणि आकड्याला तेवढ्या पटीनं गुणायचं. पीएचला हे चालत नाही.

कापडपेठ

सांगलीत बसून वरच्या कारखान्यांकडं बोट दाखवणं सोपं आहे. शेरी नाल्याचं काय? शहराचं सांडपाणी नदीत मिसळण्याचा प्रश्न मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. आधी आपल्या घरची मोजणी करा.

पेवगल्ली (हरिपूर)

अगदी बरोबर. म्हणूनच अमोनियाची चाचणी मी यादीत ठेवलीय. ताज्या मैलापाण्याची ती खूण आहे. नाला मिळतो त्याच्या वर आणि खाली अमोनिया मोजला तर शहराचा वाटा वेगळा दिसतो. आणि पीएच-तापमान वाढलं की अमोनियाचा जो भाग माशांना विषारी असतो तो वाढतो. दुपारी शेवाळामुळे पीएच चढतो, तेव्हा सकाळी निरुपद्रवी असलेला अमोनिया दुपारी मारक ठरू शकतो. नुसता अमोनियाचा आकडा लिहून भागत नाही, शेजारी पीएच आणि तापमान लागतंच.

आप्पा_जलसुरक्षक

नमस्कार. मी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. आमची पाणीयोजना नदीवरच्या जॅकवेलवर (पाणी उपसायच्या विहिरीवर) आहे. इथं सगळे नवीन चाचण्यांचं बोलताय, मी नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायच्या रोजच्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टचं सांगतो.

टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची ते माझं ठरलेलं असतं. शेवटच्या नळाला ओटी घेतली की पिवळा रंग येतो, ०.२ मिलीग्रामच्या वर क्लोरीन मिळालं की काम झालं. पण अधूनमधून असं होतं की पावडर तेवढीच, पाणी तेवढंच, आणि नळाला रंगच येत नाही. पावडर जुनी असेल म्हणून नवीन पोतं फोडलं तरी तेच. दोन-तीन दिवस जास्त टाकावी लागते, मग आपोआप पूर्ववत. पूर्वी मी त्याचा विचार करत नव्हतो. आता वाटतंय, त्या दिवशी नदीतच काही आलं असणार.

पेवगल्ली (हरिपूर)

आप्पा, या धाग्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही सांगितलीत! क्लोरीन आधी अमोनिया आणि सेंद्रिय घाणीवर खर्च होतं, उरलेलं नळाला दिसतं. पावडर तेवढीच असताना उरलेलं क्लोरीन गायब होणं म्हणजे कच्च्या पाण्यातली घाण वाढणं. तुमच्याकडे रोजची नोंदवही आहे. नदीवर योजना असलेल्या प्रत्येक गावात ती आहे. एकही रुपया खर्च न करता काठावर इतकी मोजणी केंद्रं आधीच चालू आहेत, आणि त्या वह्या शेजारी ठेवून कुणी वाचत नाही. कुठल्या गावाला कुठल्या तारखेला टीसीएल जास्त लागली एवढंच एका तक्त्यात आणलं तरी घाणीचा लोट वरून खाली कसा सरकला ते दिसेल.

एक सूचना मात्र आहे. ऑर्थोटोलिडिन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. हाताला लागू देऊ नका, चाचणीचं पाणी पिण्याच्या भांड्याजवळ ओतू नका. जमेल तेव्हा डीपीडीच्या गोळ्यांवर या, त्यात रंग गुलाबी येतो.

कोर्टरोड

वकील म्हणून थंड पाणी ओततो, राग मानू नका. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध कायद्याचं कलम २१ वाचा. कारवाईसाठी पुरावा म्हणून चालणारा सांडपाण्याचा नमुना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं किंवा मंडळानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. जागेच्या ताबेदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील आणि सह्या करायच्या, मग मान्य प्रयोगशाळेकडे पाठवायचे. तुमच्या बाटल्या आणि पट्ट्या यात कुठेच बसत नाहीत. त्यांच्या जोरावर नाव घेऊन आरोप केलात तर उलट अब्रुनुकसानीची नोटीस येईल.

पेवगल्ली (हरिपूर)

वकीलसाहेब, राग कसला. आमच्या पट्टीनं कुणाला शिक्षा व्हावी अशी अपेक्षाच नाही. पट्टीचं काम एवढंच की मंडळाला पहाटे पाच वाजता फोन करताना "पाणी घाण आहे" याऐवजी "अमुक पुलाखाली डीओ दीड, वरच्या घाटावर सहा, मधे अमका ओढा मिळतो" असं सांगता यावं. अधिकाऱ्यांना कुठे जायचं ते कळेल आणि कलम २१ चा नमुना योग्य जागी, योग्य वेळी घेतला जाईल.

कोर्टरोड

तसं असेल तर माझा पाठिंबा. मग नोंदीत वेळ, जागेचं अक्षांश-रेखांश, मीटर शेवटचा कधी कॅलिब्रेट केला, कोण कोण हजर होतं हे लिहा आणि फोटोत घड्याळ येऊ द्या. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात जायची वेळ आली तर अशी सलग वही निदान चौकशी समिती नेमा म्हणायला उपयोगी पडते. आणि कुणाचंही नाव लिहू नका. जागा लिहा, आकडा लिहा.

कराडचे_मास्तर

मी विज्ञान शिकवतो. रासायनिक चाचण्या त्या क्षणाचं सांगतात, काल रात्री काय झालं ते सांगत नाहीत. ते सांगतात तळातले किडे.

उथळ पाण्यातले दगड उलटून बघा. मेफ्लाय आणि स्टोनफ्लायच्या अळ्या, दगडाला वाळूची घरटी चिकटवणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या सापडल्या तर तिथं गेले कित्येक आठवडे पाणी बरं आहे. या अळ्यांना ऑक्सिजन भरपूर लागतो, एका वाईट रात्रीत त्या नाहीशा होतात आणि लगेच परत येत नाहीत. त्या जाऊन नुसत्या तांबड्या कायरोनोमिड अळ्या आणि ट्युबिफेक्स या गांडूळवजा किड्यांचे गुच्छ उरले असतील तर पाणी कायमचं बिघडलंय. या अळ्या तांबड्या असतात कारण त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे कमी ऑक्सिजनमध्ये तग धरतात. कुळानुसार गुण देऊन बेरीज करायची पद्धत केंद्रीय मंडळानंही आपल्या नद्यांसाठी घेतलेली आहे. आठवी-नववीची मुलं चाळणी आणि पांढरी ताटली घेऊन हे उत्तम करतात. प्रीतिसंगमाच्या वर आणि खाली एकाच सकाळी करून बघा, पुस्तकातलं प्रकरण मुलांना कधी इतकं समजत नाही.

दुसरं म्हणजे कांद्याची चाचणी. सारख्या आकाराचे छोटे कांदे, जुनी मुळं खरवडून, काही संशयित पाण्यावर आणि काही चांगल्या पाण्यावर ठेवायचे. तीन दिवसांनी मुळांची लांबी मोजायची. विषारी पाण्यात मुळं खुंटतात. यात नेमकं कुठलं विष ते कळत नाही, पण "काहीतरी आहे" हे कळतं, आणि तेही ज्या रसायनासाठी आपल्याकडे पट्टीच नाही त्याच्यासह.

पेवगल्ली (हरिपूर)

सर, हा मुद्दा महत्त्वाचा. रासायनिक चाचणीत तुम्ही जे विचाराल त्याचंच उत्तर मिळतं. अमोनिया विचारला तर अमोनिया. कीटकनाशक विचारलंच नाही तर ते असूनही दिसणार नाही. जिवंत प्राण्याला सगळंच एकदम कळतं. पाणपिसू, म्हणजे डॅफ्निया, २४ ते ४८ तासांत हालचाल थांबवतात. सगळ्यात झटपट म्हणजे समुद्रातले प्रकाश देणारे जिवाणू. पाण्यात विष असेल तर १५ ते ३० मिनिटांत त्यांचा उजेड मंदावतो आणि यंत्र ते मोजतं. ते यंत्र गावाला परवडणारं नाही, पण दोन जिल्ह्यांत मिळून एखाद्या महाविद्यालयात असायला हरकत काय? कुलगुरूंपर्यंत हे जाईल अशी आशा आहे.

मासे मेलेले दिसले तर तेही पुरावा आहेत. ऑक्सिजन संपला असेल तर सहसा मोठे मासे आधी जातात, आणि मरळ-मागूर वाचतात, कारण ते हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतात. लहान-मोठे सगळे एकदम, मरळसकट मेले असतील तर विषाचा संशय धरायचा. रक्त आणि कल्ले चॉकलेटी दिसले तर नायट्राइटकडे बघायचं. तपासणीला तडफडणारा किंवा नुकता मेलेला मासा बर्फात घालून द्यावा, फुगलेल्या माशातून काही निघत नाही.

तासगाव_बाग

आमच्याकडं नदी नाही, विहीर आणि बोअर. द्राक्षबागांवरच्या फवारण्या किती असतात ते सगळ्यांना माहीत आहे. निर्यातीच्या मालाची अवशेष तपासणी होते, मग बागेतल्या विहिरीच्या पाण्याची कुणी करतं का? घरच्या बायका-पोरं तेच पितात. झटपट काही आहे का?

पेवगल्ली (हरिपूर)

ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटासाठी एन्झाइमवर चालणाऱ्या पट्ट्या असतात. ही औषधं कोलिनएस्टरेज हे एन्झाइम रोखतात. पट्टीवर एरवी येणारा रंग आला नाही तर गडबड आहे. पण बाकीच्या बुरशीनाशकांना ती ओळखत नाही, तेव्हा पट्टी चांगली आली म्हणून निश्चिंत राहू नका. फवारणीच्या हंगामात एकदा प्रयोगशाळेत नमुना द्याच.

तुमच्याकडे आणि सगळ्या ऊसपट्ट्यात नायट्रेट मात्र लगेच बघा. मर्यादा ४५ मिलीग्राम. बाटलीनं दूध पिणाऱ्या बाळांना त्याचा धोका सगळ्यात जास्त, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट आटल्यामुळे वाढतं.

ऊसवाला (वाळवा तालुका)

ताई, टीडीएस मीटर घेतला. आमच्या ओढ्याला आकडा लई चढा दाखवतोय. वर कारखाना न्हाई, काय न्हाई.

ईटीपी_शिफ्ट

तुमच्या ओढ्याला क्षारपड रानांचं निचऱ्याचं पाणी येतं का? चर किंवा पाइप काढलेत का कुणी? वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात जास्त पाण्यानं जमिनी फुटल्यात, त्यांचा निचरा खारा असतो. तिथं वाहकता वर आणि पीएचही सातच्या वर असेल. डीओ ठीक असेल तर ते बहुधा कारखान्याचं पाणी नाही.

ऊसवाला (वाळवा तालुका)

बरोबर. वरच्या अंगाला चर काढल्यात. पीएच आठ आला. मी तर पोस्ट टाकणार होतो गावच्या ग्रुपवर.

पेवगल्ली (हरिपूर)

म्हणूनच आधीची नोंद लागते, दादा. आपल्या जागेचा चांगल्या दिवसाचा आकडा माहीत नसेल तर वाईट दिवसाचा आकडा बोलत नाही. डीओ तर एकाच दिवसात वरखाली होतो. केंदाळ आणि शेवाळ असलं की दुपारी ऑक्सिजन भरपूर, पहाटे सगळ्यात कमी. दुपारी मोजून "नदी ठणठणीत" म्हणणं चूक. सगळ्यांनी उजाडायच्या सुमारासच मोजूया.

पिण्याच्या पाण्यासाठी एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड वायूवरून जिवाणू ओळखणारी) बाटलीही प्रत्येकाकडे हवी. १९८२ मध्ये मांजा आणि सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरला शोधलेली ही आपली भारतीय चाचणी. बाटलीत औषध लावलेला कागद असतो, पाणी खुणेपर्यंत भरून उबदार जागी ठेवायचं, २४ ते ४८ तासांत काळं झालं तर विष्ठेची भेसळ धरून चालायचं. विष्ठेतला ई. कोलाय जिवाणू स्वतः हा वायू करत नाही, त्याच्या सोबतीनं येणारे जिवाणू करतात. त्यामुळे खोल बोअरच्या पाण्यात कधी उगाच काळं येतं. तिथं दुसरी चाचणी करून खात्री करायची. काळी झालेली बाटली टीसीएलचं दाट पाणी घालून तासभर ठेवल्याशिवाय ओतायची नाही.

भिलवडीकर

मी भिलवडीच्या घाटावर मोजायला तयार आहे. पीएच मीटर आहे, तो जुळवायला ४, ७ आणि ९.२ चे बफर (ठरलेल्या पीएचची द्रावणं) आहेत. मोठ्या प्रयोगशाळेसाठी नमुना कसा ठेवायचा ते एकदा सांगा.

पेवगल्ली (हरिपूर)

बीओडीची बाटली काठोकाठ भरून बर्फात, शक्यतो त्याच दिवशी पोचवायची. सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच दोनच्या खाली, धातूंसाठी नायट्रिक आम्ल. या दोन आम्ल घातलेल्या बाटल्या मी भरून पाठवीन, तुम्ही फक्त पाणी घालायचं, विसळायच्या नाहीत. जिवाणूंची बाटली निर्जंतुक, तोंडाला हात न लावता उघडायची, बर्फात ठेवून सहा-आठ तासांत द्यायची.

भिलवडीकर

निर्जंतुक बाटल्या संपल्या तर?

पेवगल्ली (हरिपूर)

काचेची बाटली, झाकण सैल, वरून कागद बांधून प्रेशर कुकरमध्ये. शिट्टी यायला लागली की आच कमी करून अर्धा तास. नळाचं पाणी घेणार असाल तर आधी आत थायोसल्फेटचे थोडे खडे टाका, नाहीतर क्लोरीन वाटेतच जिवाणू मारेल.

आप्पा, तुमच्या टीसीएलच्या नोंदींचे फोटो मला पाठवा, तक्ता मी करते. कराड, भिलवडी आणि हरिपूर झालं. मधे वाळव्याचे दादा आहेत. डिग्रजचं किंवा औदुंबरचं कुणी आहे का?

आप्पा_जलसुरक्षक

फोटो पाठवतो. डिग्रजला माझा मावसभाऊ जलसुरक्षकच आहे, त्याला आज रात्री धाग्यावर आणतो.